सुपरहीरो सिनेमांचा संग्रह: नागपुरात सुरुवात कुठून करायची आणि उन्हाळ्यात तो जपायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: वय २४, घर नंदनवनला, महिन्याला दीड-दोन हजार रुपये बाजूला पडतात. लहानपणापासून स्पायडर-मॅन आणि बॅटमॅनचं वेड. आता सिनेमांच्या डिस्क, संगीत, पोस्टर, फिगर (नायकांच्या छोट्या बाहुल्या) असं सगळं जमवायचं आहे. सुरुवात कुठून करू, नकली माल कसा ओळखू आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो टिकवू कसा?

मी १९९७ पासून तेरा वर्षं नागपूरच्या महाल भागात व्हिडिओ लायब्ररी चालवली. दुकान बंद करताना बाकीचा माल विकला, पण सुपरहीरोंचं कपाट घरी आणलं. तेव्हापासून ते वाढतंच आहे. त्यामुळे खाली जे सांगतोय ते हाताळून, काही वेळा पैसे आणि पोस्टर गमावून कळलेलं आहे.

पहिली गोष्ट, ‘सगळं’ जमवायचं ठरवू नका. एकट्या स्पायडर-मॅनचा माल जगभरात इतका निघतो की दोन हजारांत वर्षभर घेतलं तरी कपाटात नुसती सरमिसळ दिसेल. एक धागा पकडा. कुणी एकाच संगीतकाराचं काम जमवतं, कुणी एकाच नायकाचं. माझा धागा म्हणजे परदेशातला हा नायक आपल्या गावापर्यंत कुठल्या रूपात पोचला. हिंदी डब व्हीसीडी (सीडीवर भरलेला सिनेमा), देवनागरीत नाव छापलेलं पोस्टर, लायब्ररीचा नंबर टाकलेली कॅसेट. तुमच्यासाठीही हाच धागा मला बरा वाटतो. एक तर हा माल अजून इथे मिळतो आणि स्वस्त आहे. दुसरं म्हणजे अमेरिकेतला संग्राहक कितीही पैसेवाला असला तरी इतवारीतल्या कबाड्याकडे तो रविवारी सकाळी जाऊ शकत नाही, तुम्ही जाऊ शकता.

या धाग्यात किती माल आहे ते बघा. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि अमेरिकन चित्रकथाकार ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला. ती मालिका १९९० मध्ये बंद झाली, पण जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मराठी अंक अजून निघतात. २००२ चा स्पायडर-मॅन इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला. २००७ मध्ये तिसरा भाग चक्क भोजपुरीतही आला. २००४ मध्ये भारतीय स्पायडर-मॅनचं चार अंकांचं कॉमिक निघालं होतं, नायक पवित्र प्रभाकर. तोच पवित्र २०२३ च्या स्पायडर-व्हर्सच्या दुसऱ्या ॲनिमेशनपटात मोठ्या पडद्यावर दिसला आणि तो सिनेमा भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठी होती. त्या मराठी डबची प्रसिद्धीची जी काही छापील वस्तू हाती लागेल ती सोडू नका. आपल्या हिंदी-मराठीतले नायकही याच कपाटात ठेवा. १९८७ चा मिस्टर इंडिया, २००६ चा क्रिश, २०१५ चा मराठी बाजी आणि १९९७ ते २००५ दूरदर्शनवर चाललेला शक्तिमान. माझ्या दुकानात शनिवारी संध्याकाळी जी पोरं यायची, त्यांच्या लेखी शक्तिमान आणि सुपरमॅन यांच्यात लहान-मोठं काही नव्हतं.

आता डिस्ककडे येतो. व्हीसीडीचं चित्र बारीक असतं, फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, मोठ्या टीव्हीवर ते फुटतं. तरी मी व्हीसीडी जमवतो, कारण आपल्याकडचे कितीतरी हिंदी डब मी फक्त तिच्यावरच पाहिले आहेत. बघण्यासाठी मात्र डीव्हीडी किंवा ब्लू-रे घ्या. विकत घेताना डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ॲल्युमिनियमचा थर गेलेला आहे, ती घेऊ नका. पुष्कळ जण खालची चकचकीत बाजू तपासतात आणि वरची बघतच नाहीत. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूला लागून असतो, त्यावर फक्त लाखेसारखा पातळ लेप. खालचे ओरखडे पॉलिश करून जातात, वरचा खोल ओरखडा कायमचा. डीव्हीडी दोन पातळ चकत्यांचं सँडविच असते, म्हणून तिची वरची बाजू तेवढी नाजूक नसते. लायब्ररीवाले छापील बाजूवर मार्करने नंबर टाकायचे, मीही टाकले. त्यातल्या काही डिस्कवर शाईखालचा लेप उतरला आणि नेमक्या तिथे चित्र अडकायला लागलं. अशा डिस्क घेताना चालवून बघा, शेवटच्या दहा मिनिटांसकट. बॅटमॅन-सुपरमॅनचे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या २००६ ते २००८ या काळातल्या काही डीव्हीडी आपोआप खराब होतात, हे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. बॅटमॅन-सुपरमॅनवाल्यांच्या कपाटात त्या काळातल्या डिस्क असतातच, त्या आधी तपासा.

रिजनकडे, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्या खुणेकडे, लक्ष द्या. डीव्हीडीत भारत पाच नंबरला, ब्लू-रेत ‘सी’ मध्ये. अमेरिकेची डिस्क ‘ए’ ची असते, इंग्लंडची ‘बी’ ची. खूपशा ब्लू-रे सगळीकडे चालतात, पण पाठीमागचं चिन्ह वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर-के डिस्कला रिजनची भानगड नाही.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती संगीताशी जोडलेली आहे. १९७८ चा सुपरमॅन सिनेमागृहात १४३ मिनिटांचा होता. पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो १३७ च्या आसपास भरतो. काही कापलेलं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल डीव्हीडीवर २५ नी चालतो, त्यामुळे सगळं चार टक्के पळतं आणि सूरही चढतो. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या साधारण पाऊणपट. जॉन विल्यम्सची ती सलामीची धून मी वर्षानुवर्षं डीव्हीडीवर ऐकत होतो. सीडी हाती आली तेव्हा ती मला मंद आणि खालच्या पट्टीतली वाटली, म्हणून प्लेअर बिघडला असं समजून दुरुस्तीला नेला. प्लेअर ठीक होता. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली होती तशी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो. ब्लू-रेवर सिनेमा २४ नीच चालतो, तिथे सूर बरोबर येतो. तुमच्या डिस्कवरची मिनिटं मोजून बघा, लगेच कळेल.

डिस्क घ्यायच्या कशाला, सगळं मोबाइलवर आहे, असं घरचे म्हणतील. त्यांना याच सिनेमाचं उदाहरण द्या. १४३ मिनिटांचा मूळ, २००० साली वाढवलेला १५१ मिनिटांचा, आणि टीव्हीसाठीचा १८८ मिनिटांचा, जो २०१७ मध्ये ब्लू-रेवर आला. दुसऱ्या भागाची दिग्दर्शक रिचर्ड डॉनरची वेगळी आवृत्ती २००६ मध्ये निघाली. ऑनलाइन यातली कुठली दिसेल आणि कधीपर्यंत, हे तुमच्या हातात नसतं. २०२३ मध्ये डिस्नेने ऑस्ट्रेलियात डिस्क विकणंच थांबवलं. दुकानातल्या डिस्क संपत चालल्या आहेत, त्या आत्ता स्वस्त आहेत तोवर घ्या.

संगीतात पहिला घोळ गाण्यांचा अल्बम आणि पार्श्वसंगीत यांचा होतो. १९८९ च्या बॅटमॅनचे त्याच वर्षी दोन वेगळे अल्बम आले, एक प्रिन्सच्या गाण्यांचा आणि एक डॅनी एल्फमनच्या पार्श्वसंगीताचा. २०१८ च्या ब्लॅक पँथरचंही तसंच. केंड्रिक लमारचा अल्बम वेगळा आणि लुडविग गोरान्सनचं ऑस्कर मिळालेलं पार्श्वसंगीत वेगळं. गोरान्सन त्यासाठी सेनेगलला जाऊन गायक बाबा माल यांच्याबरोबर हिंडला. त्यातलं ‘टॉकिंग ड्रम’ म्हणजे बोलणारं तालवाद्य चांगल्या स्पीकरवर ऐकाल तर आपल्या संबळाची आठवण येईल. ऑनलाइन जुनी सीडी घेताना मुखपृष्ठ बघून फसू नका, गाण्यांची यादी वाचा.

दुसरं म्हणजे जुना अल्बम पूर्ण असतोच असं नाही. सुपरमॅनची १९७८ ची रेकॉर्ड दोन तबकड्यांची होती, पण पहिल्या सीडीत मावेना म्हणून दोन तुकडे गाळले. पुढे २००० मध्ये दोन सीडींचा संच निघाला आणि २००८ मध्ये फिल्म स्कोअर मंथली या कंपनीने चारही सिनेमांच्या संगीताचा आठ सीडींचा निळा डबा काढला. एल्फमनच्या बॅटमॅनचा वाढीव संच ला-ला लँड रेकॉर्ड्सने २०१० मध्ये काढला. असे संच मोजक्या प्रती काढतात आणि मग दुप्पट-तिपटीने विकले जातात. तुमच्या बजेटमध्ये ते वर्षातून एकच घ्या, पण ज्या सिनेमाचं संगीत तुम्ही गुणगुणता त्याचाच. एरवी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुन्या कॅसेट वीस-तीस रुपयांत मिळतात. कॅसेट घेताना आतली फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का बघा. ती पडली असेल तर आवाज घुसमटतो, पण पाच स्क्रूच्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात पट्टी बदलली की चालते. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरला लावूच नका, तुमच्या बाकीच्या कॅसेटही जातील.

पोस्टर हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, आणि फसवणूकही इथेच जास्त. अमेरिकन सिनेमागृहाचं अलीकडचं मूळ पोस्टर २७ बाय ४० इंचांचं असतं. २४ बाय ३६ म्हणजे खोलीत लावायला विकलेलं, त्याला मूळ म्हणून पैसे देऊ नका. नव्वदच्या दशकापासून बरीच मूळ पोस्टर दोन्ही बाजूंनी छापली जातात. मागे तेच चित्र उलटं आणि फिकट असतं, म्हणजे मागून उजेड देणाऱ्या लाइटबॉक्समध्ये रंग भरून दिसावेत. आपल्याकडचं नेहमीचं माप ३० बाय ४०, आणि ती घडी घालूनच टॉकीजला जायची. त्यामुळे घड्या दिसल्या म्हणून पोस्टर नाकारू नका. उलट १९८५ च्या आधीचं म्हणून विकलेलं पोस्टर सपाट आणि कोरं असेल तर शंका घ्या.

दहापट मोठं दाखवणारं स्वस्तातलं भिंग खिशात ठेवा. पोस्टरच्या तळाला कलाकार-तंत्रज्ञांची बारीक अक्षरांची पट्टी असते, तिथे भिंग लावा. मूळ ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे नेमक्या रांगेत दिसतात, आणि काळं अक्षर भरीव, काठ धारदार. इंकजेटच्या नकलेत ठिपके पिचकारी मारल्यासारखे विस्कटलेले असतात. छापील पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर त्या बारीक अक्षरांच्या पोटातसुद्धा रंगीत ठिपके दिसतात. माझं शिक्षण २००२ च्या स्पायडर-मॅनच्या एका पोस्टरवर झालं. त्याच्या डोळ्यांच्या काचेत न्यूयॉर्कचं प्रतिबिंब आहे आणि त्यात जुळे मनोरे दिसतात. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर स्टुडिओने ते परत मागवलं, म्हणून ते दुर्मिळ आणि म्हणूनच त्याच्या नकला उदंड. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चार हजारांना घेतलं. घरी भिंग लावलं तर अक्षरांच्या पोटात गुलाबी-निळे ठिपके. पैसे गेले, पण तेव्हापासून भिंगाशिवाय व्यवहार नाही. ऑनलाइन घेताना त्या पट्टीचा जवळून फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर विषय संपला.

स्थानिक पोस्टर कुठून येतात हे समजून घ्या, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल. वितरकांच्या हिशेबात आपला भाग अजून ‘सी.पी. बेरार’ (इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याच्या कारभारात अमरावती हे जुनं मोठं ठिकाण. माझ्या काही पोस्टरच्या मागे तिथल्या कचेऱ्यांचे शिक्के आहेत. टॉकीज बंद पडते, कचेरी रिकामी होते, आणि गठ्ठे कबाड्याकडे जातात. इतवारीतल्या एका दुकानात मी गुडघाभर रद्दीत बसलो होतो, तर मालक म्हणाला, “काहून भाऊ, हे फोटोवाले कागद कायले पाहिजेत तुले? किलोनं घेऊन जाय न बापा.” त्या गठ्ठ्यात २००७ च्या स्पायडर-मॅनची हिंदी पोस्टर निघाली. तेव्हापासून तो माझ्यासाठी रंगीत कागद बाजूला काढून ठेवतो. अशी दोन-तीन माणसं जोडा. दर महिन्याला चक्कर मारा, काही नाही मिळालं तरी चहा पिऊन या. भाव मात्र प्रामाणिक द्या. किलोच्या भावात मोठी चीज मिळाली तर पुढच्या वेळी त्याला थोडे जास्त द्या, तो तुम्हाला विसरणार नाही.

फिगरबद्दल थोडक्यात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बाहेरून मागवलेलं पार्सल अडकू शकतं, माझं एकदा दोन महिने अडकलं. भारतात अधिकृतपणे विकलेलं घ्या. हाँगकाँगच्या हॉट टॉईजच्या एक-षष्ठांश मापाच्या फिगर देखण्या असतात, पण त्यांच्या पोशाखातलं नकली चामडं दमट हवेत सोलवटतं. तुमच्या बजेटला आणि आपल्या हवेला त्या मानवत नाहीत. सहा इंची प्लास्टिकच्या फिगर घ्या. उन्हाळ्यात त्या चिकट झाल्या तर घाबरू नका, मऊ प्लास्टिकमधलं तेल वर येतं. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा.

आता नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे सगळ्यांना दिसतं. रेकॉर्ड दुपारी गाडीत विसरलात तर ती वाकलीच समजा. पण माझा अनुभव असा की संग्रहाचा खरा वैरी ऊन नाही, कूलर आहे. ऊन कोरडं असतं. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून येणारी हवा खोलीतल्या भिंती, कागद, कापड सगळं दिवसभर ओलसर ठेवते, आणि मग लागूनच पावसाळा. २०११ च्या उन्हाळ्यात मी अठरा पोस्टर गुंडाळून कूलरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली होती. ऑगस्टमध्ये उघडली तर कडा पिवळ्या, आत काळे ठिपके आणि दोन पोस्टर एकमेकांना चिकटलेली. एक सोडवताना दुसऱ्याचा रंग सोबत निघून आला. तेव्हा संग्रह कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याला बदला. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा सगळं एकदा बाहेर काढून सावलीत हवा द्या.

कसर आणि उधईसाठी आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या सीडीजवळ नकोत, त्यांच्या वासाने सीडीच्या पारदर्शक डब्या मऊ पडतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवा. पोस्टर लॅमिनेट करू नका, कितीही सांगणारे भेटले तरी. लॅमिनेशन निघत नाही आणि आत अडकलेला ओलावा कागद खातो. सेलोटेप नको, फेव्हिकॉल तर नकोच. फाटलं असेल तर मागून जपानी कागद आणि गव्हाच्या पातळ खळीने जोडा, खळ पाण्याने सुटते. फक्त ती पूर्ण वाळू द्या, कारण कसर खळीवरच येते. गुंडाळून ठेवायचं तर पुठ्ठ्याची नळी, प्लंबरचा पीव्हीसी पाइप नाही. भिंतीवर लावायचंच असेल तर ऊन न पडणाऱ्या भिंतीवर, काच आणि पोस्टर यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी ठेवून, म्हणजे काचेला कागद चिकटत नाही.

पैशांची विभागणी विचाराल तर पहिले तीन महिने नवीन काहीच मागवू नका. एक भिंग, सिलिका जेल, पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि वापरलेला पण चालू असलेला ब्लू-रे प्लेअर घ्या. रविवारी सकाळी बर्डी, महाल, इतवारी पायी फिरा आणि दहा-वीस रुपयांच्या व्हीसीडी, कॅसेट, मराठी वेताळ हाताळायला शिका. एका वहीत प्रत्येक वस्तूची तारीख, जागा, किंमत आणि कोणाकडून घेतली ते लिहा. माझ्या वहीतल्या पहिल्या पानांवर तारखा नाहीत, आणि काही पोस्टर कुठल्या टॉकीजमधून आली ते आता मला कोणीच सांगू शकत नाही.

कबाड्याकडे जुनं घडी घातलेलं पोस्टर मिळालं तर तिथे उघडू नका. घरी आणा, रात्रभर घडीतच मोकळ्या हवेत राहू द्या. दुसऱ्या दिवशी स्वच्छ चादरीवर एकेक घडी सावकाश उलगडा. घडी उलट्या बाजूला मोडून सपाट करण्याचा मोह होतो, तो टाळा, शाई नेमकी तिथेच उडते. वर कोरा कागद आणि त्यावर जाड पुस्तकं ठेवा. आठवडाभरात ते आपोआप बसतं.